साडी बदलू का?

मागच्या दिवाळीत भाची घरी आली होती, आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सुट्टीत घरातल्या कुणाचं तरी पोर्ट्रेट करून आणा असं त्यांना सांगितलेलं. तिने आजीला धरलं, म्हणजे माझ्या आईला. आईचं पहिलं वाक्य, "थांब गं, साडी बदलू का?" भाची म्हणाली, "नको आजी, आहेस तशीच बस, आणि मेथी निवडायचीय ना तुला, ती निवड की." मग आई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली, मांडीवर ताट, पायाशी पेपर पसरलेला, अंगावर रोजची धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. सुरुवातीला ती अगदी फोटोला बसल्यासारखी बसली होती, मान ताठ, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, ओठांवर ते ठेवणीतलं हसू. पण तसं किती वेळ बसणार? थोड्या वेळाने मेथीने तिला ओढून घेतलं, हात आपोआप चालायला लागले, खांदे खाली आले, हसू कधी गेलं ते तिलाही कळलं नाही. टर्पेंटाइनचा वास आणि मेथीचा वास एकमेकांत मिसळून घरभर झालेला आणि कुणी काही बोलत नव्हतं.

दोन दुपारी असं चाललं. चित्र झाल्यावर आईने चष्मा पदराला पुसला आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मी एवढी दमलेली दिसते?" तक्रार नव्हती त्यात, खरंच विचारत होती. भाची गप्प. आईलाच वाईट वाटलं असावं, तिने नातीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हात छान काढलेस गं माझे. पण हॉलमध्ये नका लावू हां." हॉलमध्ये तिच्या साठीचा फोटो आहे, स्टुडिओत काढलेला, सुरकुत्या काढून टाकलेल्या, मागे निळसर पडदा, पैठणी. तो तिला आवडतो.

मला ते वाक्य जाईना डोक्यातून. कारण चित्रातला तो चेहरा मी जन्मभर बघत आलेय, दुपारच्या चहाच्या आणि संध्याकाळच्या कुकरच्या मधल्या वेळेतला आईचा चेहरा, जेव्हा तिच्याकडे कुणी बघत नसतं आणि ती कुणासाठी काही चेहरा करत नसते. आमच्याकडे अल्बमच्या अल्बम भरून फोटो आहेत, मुंजी, बारशी, केसरीच्या ट्रिपा, पण त्यातल्या एकाही फोटोत हा चेहरा नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीने तो बरोबर टिपला. आणि ज्या बाईचा तो चेहरा, तिलाच तो हॉलमध्ये नको.

तेव्हापासून मी बायकांनी काढलेली बायकांची पोर्ट्रेट्स बघत सुटलेय. पुस्तकांत, म्युझियमच्या साइटवर, फोनवर दोन बोटांनी झूम करून करून. चित्रकलेतलं शास्त्र मला फार कळत नाही, पण चेहरे बघायला शास्त्र लागत नाही असं मला वाटतं.

आपल्या डोळ्यांना सवय कशाची लागलीय ते आधी बघायला हवं. माझ्या आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती, घाटकोपरला निघालेला आणि मग मळवलीला गेलेला तो छापखाना, त्याने घराघरात बाई कशी दिसायला हवी हे पोचवलं. नऊवारी साडी, गोल दंड, पाणीदार डोळे, आणि चेहऱ्यावर कुठलाच दिवस नाही, ना सोमवार ना रविवार. चित्रकार धुरंधरांनी तर मुंबईच्या बायकांची केवढी चित्रं काढली, १९२० च्या सुमारास भारतातल्या स्त्रियांवर एक इंग्रजी पुस्तक निघालं त्यातही त्यांचीच चित्रं आहेत, जातीजातीची, प्रांताप्रांताची बाई, तिचं नेसणं, तिचे दागिने, तिचं उभं राहणं. हात विलक्षण होता धुरंधरांचा, काठ-पदर असे रंगवायचे की सुताचा पोत कळावा. पण ती बाई कोण होती, हे ते चित्र सांगत नाही. ती अमक्या समाजाची एक बाई, एवढंच. आणि मैसूरला चित्रकार हळदणकरांची ती दिवा घेतलेली मुलगी आहे, अजूनही पुष्कळ लोक तिला रविवर्म्याचं चित्र समजतात. हळदणकर सावंतवाडीचे, आणि दिवा घेऊन उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. बोटांतून झिरपणारा तो उजेड बघून अंगावर काटा येतो माझ्या. पण तरी मनात येतंच, की दिवा धरून धरून त्या पोरीचा हात किती भरून आला असेल, आणि तो भरून आलेला हात चित्रात कुठे आहे?

हे मी पुरुष चित्रकारांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. आंतोनियो झेवियर त्रिंदाद घ्या, गोव्याचे, सांग्यात जन्मले, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकले. त्यांनी आपल्या बायकोला, फ्लोरेंटिनाला, पुन्हा पुन्हा रंगवलंय, त्यातलं निवांत पहुडलेली फ्लोरेंटिना हे चित्र १९२० मधलं. त्यात बघणाऱ्याला खूश करायची कसलीच घाई नाही, नवरा समोर बसून चित्र काढतोय आणि तिला त्याचं काही पडलेलं नाही, इतकी ती मोकळी आहे. पणजीला फोंतेन्यशला फुंदासांव ओरिएंत नावाच्या संस्थेत त्रिंदादांचा संग्रह आहे, गोव्याला जाणाऱ्यांनी बीचवरून एक दुपार काढून जरूर जा. त्यांची मुलगी अँजेला, तीही चित्रकार झाली, तीही जेजेचीच. तिने साडी नेसलेली मेरी रंगवली. तर मुद्दा नुसता पुरुष आणि बाई असा नाहीच. मग काय आहे?

मला वाटतं, मुद्दा खोलीचा आहे.

म्हणजे असं की शेकडो वर्षं बायकांना चित्रकलेच्या शाळेत, मॉडेल बसवतात त्या वर्गात, प्रवेशच नव्हता. लंडनच्या रॉयल अकॅडमीची १७६८ मध्ये स्थापना झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे झोफनी नावाच्या चित्रकाराने अकॅडमीच्या सदस्यांचं एकत्र चित्र काढलं, लाइफ क्लासमधलं, समोर उघडा पुरुष मॉडेल बसलेला. आता तिथे बायका कशा दाखवायच्या? तर त्याने त्या दोघींना भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून दाखवलं. संस्थापक सदस्य, आणि फ्रेममध्ये! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. पॅरिसच्या एकोल द बोझार्तने, म्हणजे तिथल्या सरकारी कलाशाळेने, बायकांना घेतलं ते थेट १८९७ मध्ये. तोवर बहुतेकींना मॉडेल नाही, अ‍ॅनाटॉमी नाही, म्हणजे राजवाड्यांत लागणारी ती मोठमोठी युद्धाची, पुराणातली चित्रं नाहीत. मग समोर कोण उरलं? बहीण. आई. मुलगी. घरात काम करणारी बाई. आरशातली आपण स्वतः.

आणि ह्या अडवणुकीतून जे निघालं ते मला सगळ्यात जास्त ओढून घेतं. इटलीतलं क्रेमोना गाव, १५५५ साल, सोफोनिस्बा अंग्विसोला नावाची विशी-बाविशीतली मुलगी आपल्या बहिणींना बुद्धिबळ खेळताना रंगवते. बुद्धिबळ! घरातल्या मुलींच्या हातात सुई नाही, जपमाळ नाही, आरसा नाही, मोहरा आहे. मोठीने डाव मारलाय आणि ती सरळ आपल्याकडे, म्हणजे चित्र काढणाऱ्या बहिणीकडे बघतेय, हरणारीचा हात वर गेलाय, ती काहीतरी बोलू पाहतेय, आणि सगळ्यात धाकटी, ती हरणाऱ्या बहिणीकडे बघून दात दाखवून हसतेय. बाजूला म्हातारी मोलकरीण, तिलाही ह्या पोरींच्या डावात तेवढाच रस. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी ह्या बहिणींच्या घरी गेला होता तेव्हा त्याने हे चित्र पाहिलं आणि लिहून ठेवलं की सगळ्याजणी जिवंत वाटतात, फक्त बोलायच्या बाकी आहेत. त्या धाकटीचं हसू मी किती वेळा झूम करून बघितलंय. असं हसू कुठल्याही परक्या चित्रकारासमोर येणार नाही. त्याच्यासमोर मुली हसू आवरून ओळीत उभ्या राहिल्या असत्या, साडी बदलून. हे हसू बहिणीसमोरच येतं, जिच्याशी काल भांडण झालंय आणि रात्री एकाच पांघरुणात झोपायचंय तिच्यासमोर.

म्हणून म्हणतेय खोली. चित्र काढणारी आणि बसणारी एकाच खोलीत राहतात, एकाच खोलीचे नियम पाळतात, एकीला जे बंद आहे ते दुसरीलाही बंद आहे. मग बसणारीला काही सिद्ध करायचं नसतं. तिला कंटाळा येऊ शकतो, ती तंद्रीत जाऊ शकते, चिडू शकते.

पण हे इतकं सोपं असतं तर चित्रकार अमृता शेर-गिल मला इतकी छळली नसती. दिल्लीला जयपूर हाऊसमध्ये, म्हणजे आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तिची चित्रं बघताना मी एका भिंतीपाशी खूप वेळ अडकले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत एसीचा गारठा, आणि समोर १९३२ चं 'यंग गर्ल्स'. तिची बहीण इंदिरा आणि फ्रेंच मैत्रीण डेनिस. इंदिरा पूर्ण कपड्यांत, खुर्चीत ऐसपैस, आत्मविश्वासाने, आणि मैत्रिणीचे कपडे अर्धवट, केस मोकळे, इतके की चेहरा त्यांच्याआड गेलाय. दोघींचं नुकतंच काहीतरी बोलणं झालंय किंवा व्हायचंय. अमृता तेव्हा एकोणीस वर्षांची, ह्या चित्राने तिला पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, सुवर्णपदक मिळालं. पुढच्या वर्षी तिने झोपलेली इंदिरा रंगवली, विवस्त्र, आणि ते चित्र बघताना मला अजिबात संकोच वाटला नाही, कारण त्या झोपेला पाहणाऱ्याची गरजच नाहीये, बहीण बहिणीसमोर झोपलीय. त्याच १९३३ मध्ये तिने एक पोटासाठी मॉडेल म्हणून बसणारी बाई रंगवलीय, वय झालेलं, छाती ओघळलेली, खांदे पडलेले, डोळ्यांत थकवा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांत व्हीनस म्हणून बसली असेल ती, आणि इथे ती कामावर आलेली बाई आहे. फक्त एवढंच. हे चित्र बघताना मला पहिल्यांदा कळलं की उघडं शरीर रंगवताना सुद्धा त्या बाईची लाज राखता येते.

आणि मग ती भारतात येते, १९३४ संपता संपता, आणि १९३५ मध्ये 'हिल विमेन' रंगवते, पुढे १९७८ मध्ये ज्याचं पोस्टाचं तिकीट निघालं ते. डोंगरातल्या बायका, उभट, सावळ्या, नजर खाली. रंग असे की पाय निघत नाही समोरून. पण माझ्या मनात एक खडा टोचतोच. ह्या बायकांची नावं काय? त्यांच्यातली एक तरी चिडकी असेल ना, एक तरी मस्करी करणारी? अमृताने स्वतःच लिहून ठेवलंय की तिला गरीब भारतीयांचं आयुष्य रंगवायचं होतं, त्यांची ती न संपणारी सहनशीलता. पण सहनशीलता हा काही चेहरा नाही, तो दुरून बघणाऱ्याला दिसणारा गुण आहे. इंदिरा तिच्या खोलीतली होती, ह्या बायका नव्हत्या. मजिठिया ह्या पंजाबी सरदार घराण्याची मुलगी, आई हंगेरियन, शिमल्याच्या बंगल्यात राहणारी, तिच्यासमोर ह्या बायका उभ्या राहिल्या असतील तेव्हा त्यांनी नजर खाली घातली नसती तरच नवल. त्यांनीही मनातल्या मनात साडी बदललीच असणार. आणि गंमत अशी वाटते की त्याच वर्षीचं 'थ्री गर्ल्स', ज्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, त्यातल्या मुलींकडे बघून लोक गरिबी, नशीब, लादलेलं लग्न असं सगळं वाचतात, पण त्या मुली अमृताच्या नात्यातल्याच, चांगल्या खात्यापित्या घरातल्या. म्हणजे त्या चित्रातली उदासी गरिबीची नाहीच. त्या वयात, त्या घरात बसून, आता आपलं पुढे काय करतात हे लोक, ह्याची वाट बघणं आहे ते. ते अमृताला आतून माहिती होतं. तिथे तिचा ब्रश चुकत नाही.

१९३६ मध्ये ती अजिंठ्याला येऊन गेली आणि तिथून पुढे तिचं सगळंच बदललं हे सगळ्यांना माहितीये. मला मात्र तिचं शेवटचं शेवटचं एक चित्र जास्त जवळचं, १९४० चं, गोरखपूरकडच्या सराया गावातलं. खाटेवर एक तरुण बाई पडलीय, लाल कपडे, खाटेचे खूर लाल, आणि बाजूला खाली बसून एकजण पंख्याने वारा घालतेय. दुपार इतकी दाटलीय की तुम्हालाही घाम फुटावा. ती पडलेली बाई कुणाला मोहात पाडायला पडलेली नाही, तिला करायला काही नाहीये, जायला कुठे नाहीये, आणि अंगात काहीतरी पेटलंय. माझ्या एका चुलत आजीबद्दल घरात हलक्या आवाजात बोलायचे, वाड्यातल्या माजघरात दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची म्हणे. ते चित्र बघितल्यावर मला ती आजी दिसली, जिचा एकही फोटो नाही. पुढच्याच वर्षी अमृता लाहोरला वारली, डिसेंबर १९४१, वय अठ्ठावीस. २०२३ मध्ये तिचं 'स्टोरी टेलर' लिलावात ६१.८ कोटींना गेलं तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर आकड्याचीच चर्चा. चित्रात घराबाहेर निवांत बसलेल्या बायका आहेत, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

खाटेवरच्या ह्या बाईची एक लांबची बहीण पॅरिसमध्ये आहे असं मला नेहमी वाटतं. सुझान व्हालादों आधी मॉडेल होती, रन्वार, लोत्रेक असल्या चित्रकारांसमोर बसायची, आणि बसल्या बसल्या बघून बघून चित्रकार झाली. तिने १९२३ मध्ये 'ब्लू रूम' रंगवलं. पलंगावर कोपर टेकून बाई पडलीय, चांगली भरलेल्या अंगाची, पट्ट्यापट्ट्यांची ढगळ पॅन्ट, तोंडात सिगरेट, पलंगावर पुस्तकं. ती आपल्याकडे बघत सुद्धा नाही. चित्रातली बाई पलंगावर कशी पडते हे व्हालादोंला दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं, किती तास, कुठे मुंग्या येतात, कुठे थंडी वाजते. म्हणून तिने त्या बाईला पॅन्ट घातली असणार.

पण आईचं काय? कारण इतकं सगळं बघून सुद्धा तिचं "हॉलमध्ये नका लावू" मला खोडता येत नव्हतं. मी एकदा तिला फोनवर एलिझाबेत व्हिजे ल ब्रंची चित्रं दाखवली. फ्रान्सच्या राणीची, मारी आंत्वानेतची, आवडती चित्रकार. तिच्याबद्दल मी बरेच दिवस नाक मुरडून होते, सगळ्या बायका गुलाबी, सगळ्यांचे गाल टवटवीत, म्हटलं ही तर त्यांच्या काळातली फोटो स्टुडिओवालीच. पण १७८३ मध्ये तिने राणीला साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात रंगवलं, डोक्यावर गवती हॅट, जशी ती तिच्या खाजगी बागेत वावरायची तशी. प्रदर्शनात लागल्यावर लोक खवळले, राणीला घरातल्या कपड्यांत कसं काय दाखवलं म्हणून. चित्र भिंतीवरून उतरवावं लागलं, आणि तिने दुसरं करून दिलं, तोच चेहरा, हातात तसंच गुलाब, अंगावर मात्र रेशीम. आई हे ऐकून एकदम म्हणाली, "बघ! राणीला पण साडी बदलावी लागली." आणि मग जरा थांबून, "पण तिला स्वतःला कुठलं आवडलं होतं?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही सगळे चित्र खरं का खोटं ह्यावर बोलत होतो, आई विचारत होती की बसणारीला काय हवं होतं. व्हिजे ल ब्रं ते विचारत असावी, म्हणून बायका तिच्यासमोर बसायला यायच्या. चांगलं दिसावंसं वाटणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य न बघितलं जाण्यात गेलं, तिला एकदा कुणी नीट नटवून बघावं असं वाटलं तर ते खोटं कसं म्हणायचं? त्या साठीच्या फोटोसाठी आईने पैठणी कपाटातून आदल्या रात्रीच काढून ठेवली होती, मला आठवतंय, आणि नेसल्यावर आरशासमोर तिने जो चेहरा केला तोही तिचाच होता.

मग मी धीर करून तिला अ‍ॅलिस नील दाखवली. अमेरिकन चित्रकार, आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मैत्रिणींना, दिवस भरत आलेल्या बायकांना रंगवत राहिली, तेही गरोदरपणातलं ते तेज वगैरे काही नाही, ताणलेलं पोट, पुढे कसं होणार ही काळजी, सुजलेले पाय. आणि १९८० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, तिने स्वतःला रंगवलं. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत, अंगावर कपडा नाही, सगळं ओघळलेलं, गाल लालबुंद, डोळ्यांवर चष्मा आणि हातात ब्रश. मला वाटलं आई फोन बाजूला करेल. ती बघत राहिली. म्हणाली, "हिने स्वतःचं स्वतः काढलंय ना, मग ठीक आहे. तिला दाखवायचंय तेवढं तिने दाखवलं." आणि उठून कुकर लावायला गेली.

भाचीचं चित्र आता आईच्या खोलीत आहे, कपाटाच्या आतल्या बाजूला, दार उघडलं की दिसतं. तिनेच जागा ठरवली.

ह्या सगळ्यात एक गोष्ट आईने सहज सांगितली आणि ती माझ्यासाठी सगळ्यात मोठी ठरली. म्हणाली, ताईसमोर मी पुष्कळ बसलेय की लहानपणी. ताई म्हणजे माझी मोठी मावशी. कोल्हापूरला वाढली, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली, शाळेच्या ड्रॉइंगच्या सरांनी आजोबांना घरी येऊन सांगितलं होतं म्हणे की मुलीला पुढे शिकवा. आजोबांनी सरांना चहा दिला आणि त्या मे महिन्यात मावशीचं लग्न झालं. आम्हाला माहिती असलेली मावशी म्हणजे हळदीकुंकवाला दारात काढलेला मोर, आमच्या शाळेचे तक्ते, कुणाच्या ब्लाउजच्या पाठीवर भरतकामाला हवी असलेली वेल. कागदावर चेहरा काढताना तिला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तिच्या वह्या कोल्हापूरचं घर मोडताना कुठे गेल्या कुणाला ठाऊक. पण आई म्हणते, ती मला खिडकीत बसवायची आणि हलू द्यायची नाही. मी विचारलं, तेव्हा काय नेसून बसायचीस? आई हसली, "नेसून काय, परकर-पोलक्यात. ताईच तर होती समोर."

फ्रेंच चित्रकार बेर्त मोरिझोचं 'पाळणा' बहुतेकांनी पाहिलेलं असतं, निदान कॅलेंडरवर तरी. १८७२ चं. पाळण्यावर झिरझिरीत जाळीचा पडदा, आत झोपलेलं बाळ, शेजारी गालाला हात लावून बघत बसलेली आई. मातृत्वाचं गोड चित्र म्हणून ते छापलं जातं. ती आई म्हणजे बेर्तची सख्खी बहीण एडमा. दोघी एकत्र चित्रकला शिकल्या, एकाच गुरूंकडे, कोरो ह्या नावाजलेल्या चित्रकाराकडेही दोघी गेल्या, १८६४ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये दोघींची चित्रं लागली. १८६९ मध्ये एडमाचं नौदलातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचं चित्र काढणं थांबलं. लग्नानंतर ती बहिणीला पत्रं लिहायची की मनाने मी अजून आपल्या स्टुडिओतच असते. हे कळल्यावर तो चेहरा पुन्हा बघा. बाळावर माया आहेच, ती कुठे जाणार, पण त्या नजरेत नुसतं बाळ नाहीये. ती दमलीय, आणि ती लांब कुठेतरी आहे. जिच्यासमोर ती बसलीय तिच्या हातात ब्रश आहे आणि एके काळी तो हिच्याही हातात होता. आणि बेर्तने त्यातलं काहीही लपवलं नाही, वरून दुःखाचा रंगही चढवला नाही, बहीण जशी बसली होती तशी बसू दिली.

ह्याच्या आधीचंही एक चित्र आहे, १८६५ च्या सुमाराचं, फार कमी लोकांनी पाहिलेलं. ते एडमाने काढलंय. बेर्त कॅनव्हाससमोर उभी आहे, हातात ब्रश, सगळं लक्ष कामात, कुणाला बघायला वेळ नाही. काय जोर आहे त्या चित्रात, उभं राहण्यातच केवढी जिद्द दिसते, आणि रंगवणारीला त्या जिद्दीचं कसं पक्कं माहिती आहे! एडमा पुढे काढत राहिली असती तर आज आपण तिची चित्रं बघायला रांगा लावल्या असत्या, मला ह्यात जराही शंका नाही. 'पाळणा' पॅरिसच्या म्युझे द ओर्सेमध्ये आहे, रोज शेकडो लोक त्याच्यासमोर थांबतात. एडमाने काढलेलं ते चित्र कुणाच्या तरी खाजगी संग्रहात आहे. मला ही दोन्ही चित्रं एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी लागलेली बघायचीत, आणि त्या भिंतीसमोर मावशीला घेऊन जायचंय.